नऊ महिने झाले, नडगीचं हाड जुळत नाही – ‘जीन ॲक्टिव्हेशन’ इंजेक्शनबद्दल माहिती हवी आहे

कोयनाकाठ

नमस्कार. इथे डॉक्टर आणि संशोधक मंडळी बरीच आहेत, म्हणून धागा काढते आहे.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, कराडला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात महामार्गावर दुचाकी घसरली आणि उजव्या नडगीचं हाड घोट्याच्या जरा वर मोडून कातडीबाहेर आलं. त्याच रात्री ऑपरेशन करून आत रॉड टाकला, पुढे मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. जखम छान भरली, हाड मात्र भरलं नाही. नऊ महिने होत आले तरी एक्स-रेमध्ये फट तशीच दिसते, कुबडी सुटलेली नाही, आणि पाय टेकवला की आतून काहीतरी हलतंय असं तो म्हणतो.

आमचे सर्जन म्हणतात, हा रॉड काढून जाड रॉड घालू आणि कंबरेच्या हाडातून ग्राफ्ट घेऊन फटीत भरू. भाऊ पुन्हा टेबलावर जायला तयार नाही. त्यातच एका नातेवाइकांनी दुसऱ्या एका क्लिनिकचं माहितीपत्रक आणून दिलं. ‘स्टेम सेल व जीन ॲक्टिव्हेशन’ची तीन इंजेक्शनं, चिरफाड नाही, खर्च काही लाख. आत बीएमपी, रन्क्स-२ अशी नावं आहेत, पेशींची रंगीत चित्रं आहेत. भावाचा जीव त्या कागदात अडकलाय.

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. जनुक म्हणजे काय, त्यावरून प्रथिन कसं तयार होतं, इतपत मला कळतं. पुढचं कळत नाही. भावाच्या शरीरात हाड जुळवणारं जनुक कमी आहे का? की आहे पण बंद पडलंय? बंद असेल तर इंजेक्शनने चालू करता येतं का? आणि माझ्या सत्तरीच्या वडिलांचं मनगट मोडलं होतं, ते साध्या प्लास्टरमध्ये दीड महिन्यात जुळलं. मग या तरण्याताठ्या मुलाचं का नाही?

भावाला मधुमेह नाही. तंबाखू खातो. सोपं करून सांगा, पण अर्धवट सांगू नका, ही विनंती.

अस्थिजा

कोयनाकाठ ताई, आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते. मी डॉक्टर नाही. हाडाच्या पेशींमध्ये जनुकांचं नियमन कसं होतं यावर माझी पीएचडी आहे; आता पुण्यात शिकवते आणि एक लहानशी प्रयोगशाळा सांभाळते. भावाचा एक्स-रे वाचणं माझं काम नाही, ते इथले ऑर्थोपेडिक सर्जन सांगतील. पण त्या माहितीपत्रकातली नावं माझ्या रोजच्या कामातली आहेत आणि ती अशी वापरलेली बघून मला राहवलं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच समजा. रन्क्स-२ हे हाड घडवणाऱ्या पेशींचं मुख्य नियामक जनुक. १९९७ साली उंदरांमधून ते पूर्ण काढून टाकून पाहिलं गेलं, तेव्हा पिलांच्या अंगात हाड असं नव्हतंच. सगळा सांगाडा कूर्चेचा. बरगड्याच मऊ असल्याने श्वास घेता येईना आणि पिलं जन्मताच मेली. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असली तरी ते दिसून येतं. कॉलरबोन अपुरे असतात किंवा नसतातच, काहींना दोन्ही खांदे छातीसमोर एकमेकांना टेकवता येतात, टाळू उशिरा भरते, जादा दात हिरडीत अडकून बसतात. असं काही असतं तर ते तुमच्या आईला लहानपणीच दिसलं असतं.

म्हणजे जनुक आहे. प्रश्न उरतो तो ते कुठे, कधी आणि किती काळ वाचलं जातं याचा. भावाच्या गालातल्या पेशीतही रन्क्स-२ आहेच, फक्त तिथे ते गप्प आहे, आणि गप्प आहे तेच बरं. एक दुर्मिळ आजार आहे, त्यात एसीव्हीआर-१ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालेला असतो. २००६ साली हे सापडलं. बीएमपीचा, म्हणजे पेशींना हाड व्हायला सांगणाऱ्या प्रथिनाचा, निरोप घेणारा पेशीवरचा ग्राहक त्यामुळे नको तेव्हाही निरोप आत पाठवत राहतो. मुका मार लागला, स्नायूत इंजेक्शन दिलं, की तिथे हाड तयार होतं. हळूहळू मान, पाठ, खांदे, जबडा सगळं जखडतं. हाडाची जनुकं ‘ॲक्टिव्हेट’ करणं हा शब्द कुणी सैलपणे वापरला की मला आधी हे रुग्ण आठवतात.

आता मोडलेल्या हाडात काय होतं ते बघा. आधी रक्त साकळतं, सूज येते. ही सूज लागतेच, तिच्यातूनच पहिले निरोप जातात. मग हाडाभोवतीच्या आवरणातून आणि मगजातून मूळ पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यापुढे तीन वाटा असतात: हाड व्हायचं, कूर्चा व्हायचं, की नुसता चिवट तंतुमय पडदा व्हायचं. रन्क्स-२ आणि त्यामागून ऑस्टेरिक्स हे दुसरं नियामक जनुक चढलं, म्हणजे जास्त वाचलं जाऊ लागलं, तर हाड. सॉक्स-९ हे तिसरं नियामक जनुक चढलं तर कूर्चा, आणि ती कूर्चा पुढे हाडात बदलू शकते. दोन्ही नीट चढलं नाही तर पडदा. भावाच्या फटीत बहुधा हा पडदा बसला असेल.

आमच्या प्रयोगशाळेत या वाटांपैकी पहिली वाट रोज दिसते. हाडाच्या पेशी आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणतो. बशीत पेशी दाट झाल्या की माध्यमात क जीवनसत्त्व आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालायचं आणि दर काही दिवसांनी थोड्या पेशींमधून आरएनए काढून कोणतं जनुक किती वाचलं जातंय ते मोजायचं. सुरुवातीला रन्क्स-२ चढतं. मग कोलॅजन आणि अल्कलाइन फॉस्फटेज. ऑस्टिओकॅल्सिन अगदी शेवटी. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अलिझरिन रेड हा रंग ओतला की बशीच्या तळाला लालभडक गाठी उमटतात. ते साठलेलं कॅल्शियम. इतकी वर्षं झाली तरी तो रंग चढताना बघायला मी स्वतः उभी राहते, विद्यार्थ्यांवर सोडत नाही.

या क्रमात प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. पेशी पक्व होत जाताना रन्क्स-२चा जोर ओसरावा लागतो. २००१ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या हाड घडवणाऱ्या पेशींमध्ये ते मुद्दाम जास्त चालू ठेवलं. हाडं दणकट होतील असं वाटेल, पण झाली विरळ आणि मोडकी, कारण पेशी अर्ध्या वाटेवर अडकल्या, पक्व झाल्याच नाहीत. माहितीपत्रकात ‘रन्क्स-२ वाढवतो’ असं लिहिलं असेल तर विचारा, किती आणि कधीपर्यंत?

वडिलांचं मनगट आणि भावाची नडगी यांत फरक आहे तो जागेचा. मनगटाजवळचं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं, मोड बंद म्हणजे कातडी न फाटलेला, आवरण बहुतेक शाबूत. नडगीचा खालचा भाग कातडीला चिकटलेला, स्नायू जवळजवळ नाहीत, त्यामुळे रक्त मुळातच कमी. त्यात हाड बाहेर आलं म्हणजे आवरण फाटलं, मूळ पेशींचा मोठा साठा तिथेच गेला. आणि रक्ताचा जनुकांशी थेट संबंध आहे. २०२० साली बेल्जियमच्या ल्युवेनमधल्या गटाने दाखवलं की रक्तवाहिन्या नसलेल्या जागी मूळ पेशींना मेदाम्लं मिळत नाहीत, त्या टंचाईमुळे फॉक्सओ नावाची प्रथिनं केंद्रकात जाऊन सॉक्स-९ चालू करतात आणि पेशी हाडाची वाट सोडून कूर्चेकडे वळते. साध्या उपासमारीने पेशीचा निर्णय बदलतो! मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

हलण्याचंही तसंच. मोडलेल्या टोकांमध्ये ताण साधारण दोन टक्क्यांच्या आत असेल तर सरळ हाड बनू शकतं, दोन ते दहा टक्क्यांत कूर्चा टिकते, त्याहून जास्त हललं तर तंतूच. पेशी आपल्या बुडाखालचा पृष्ठभाग किती कडक आहे हे ओढून बघते, आणि त्या ओढीवरून वायएपी आणि टीएझेड ही दोन प्रथिनं केंद्रकात जायची की बाहेर थांबायची हे ठरतं. २००६ साली पेनसिल्व्हेनियात एकाच प्रकारच्या मूळ पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या गेल्या. मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, मधल्यावर स्नायूसारख्या, कडक जेलवर हाडाच्या. द्रावण तेच, जनुकं तीच.

म्हणून ताई, भाऊ ‘आतून हलतंय’ म्हणतो ना, त्या एका वाक्यात मला त्या सगळ्या माहितीपत्रकापेक्षा जास्त जीवशास्त्र दिसतं. हलतंय तोवर तिथल्या पेशींना ‘तंतू व्हा’ हाच निरोप मिळत राहणार. वरून कुठलंही प्रथिन टोचलं तरी हा निरोप थांबत नाही. तुमचे सर्जन जाड रॉड म्हणतात तेव्हा ते त्यांच्या भाषेत जनुकांचं नियमनच करत आहेत.

बीएमपीबद्दल वेगळं लिहिते, ते मोठं आहे.

कोल्हापुरी_ऑर्थो

अस्थिजा मॅडमनी उत्तम लिहिलंय. सर्जन म्हणून थोडी भर.

उघडं फ्रॅक्चर होतं, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनआधी जंतुसंसर्ग नाही ना हे बघणं सर्वांत महत्त्वाचं. जखम वरून सुकलेली असली तरी आत धुमसत असू शकते. ईएसआर, सीआरपी या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्तचाचण्या बघून घ्या आणि ऑपरेशनच्या वेळी आतल्या ऊतीचे नमुने कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते तपासायला, पाठवतील ना, हे विचारून ठेवा. ड जीवनसत्त्वही तपासा. दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसात ते कमी निघतं.

तंबाखू बंद, आजपासून. चघळलेलं निकोटिनही रक्तातच जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. वर मॅडमनी रक्ताचं जे सांगितलं ते त्याला वाचून दाखवा.

रॉड बदलताना हाडाची पोकळी आतून खरवडून मोठी करतात. त्यातून निघणारा भुगा फटीत जातो, तोही ग्राफ्टच असतो, आणि बाहेरच्या आवरणाचा रक्तपुरवठा त्या काळात वाढतो. कंबरेच्या हाडाचा ग्राफ्ट दुखतो हे खरं आहे, काही आठवडे रुग्ण पायापेक्षा कंबरेची तक्रार जास्त करतात. तरीही जिवंत पेशी, हाडाचा सांगाडा आणि निसर्गाने घातलेली वाढीची प्रथिनं, तिन्ही एकत्र देणारी दुसरी वस्तू आजही माझ्या हाताशी नाही.

फट मोठी असेल तर वेगळे मार्ग आहेत. एक इलिझारोव्ह पद्धत, सायबेरियातल्या कुर्गानच्या सर्जनची. रिंगा लावून, हाड दुसरीकडे कापून, रोज एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत विभागून सरकवायचं. मागे नवं हाड उगवत येतं. दुसरी मास्केले पद्धत: आधी फटीत बोन सिमेंटचा गोळा ठेवायचा, सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती शरीर एक पातळ पडदा विणतं, मग गोळा काढून त्या पिशवीत ग्राफ्ट भरायचा. त्या पडद्यातून बीएमपी-२ आणि रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ स्रवतं असं सशांवरच्या अभ्यासात दिसलंय. तुमच्या वर्णनावरून भावाला यांची गरज दिसत नाही, पण एक्स-रे न बघता मी खात्रीने बोलणार नाही.

अस्थिजा

डॉक्टरसाहेब, मनापासून धन्यवाद. मास्केलेचा पडदा मला नेहमी थक्क करतो. बाहेरून एकही जनुक न घालता शरीराकडून हवी ती प्रथिनं काढून घेतली जातात.

आता बीएमपी. १९६५ साली लॉस एंजेलिसचे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढून टाकून उरलेला चिवट भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायूत! आणि तिथे नवं हाड तयार झालं. म्हणजे त्या निर्जीव तुकड्यात काहीतरी होतं जे आजूबाजूच्या पेशींना हाड व्हायला सांगत होतं. ते काय, हे शोधायला वीसेक वर्षं गेली. त्यातला निर्णायक प्रयोग दोन भारतीय वंशाच्या संशोधकांचा आहे, कुबेर संपत आणि हरी रेड्डी, १९८१. त्यांनी त्या तुकड्यातला विरघळणारा भाग वेगळा काढला. तो एकटा ठेवला तर हाड नाही. उरलेला कोलॅजनचा सांगाडा एकटा ठेवला तर हाड नाही. दोन्ही परत एकत्र केले, की हाड. निरोप हवा आणि निरोप धरून ठेवणारी चौकटही हवी. ऊती अभियांत्रिकीचा अख्खा पाया या एका प्रयोगात आहे. आपल्या मुलांच्या पुस्तकात तो असायला हवा असं मला फार वाटतं.

१९८८ साली बीएमपीची जनुकं सापडली, मग प्रथिन कारखान्यात बनू लागलं. २००२ साली अमेरिकेत बीएमपी-२ला मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली आणि २००४ साली नेमकी तुमच्या भावासारख्या, नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी. ४५० रुग्णांच्या चाचणीत जास्त मात्रेच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला होता. ही खरी, मोठी गोष्ट आहे, ती मी नाकारणार नाही. पण २०११ साली दुसरी चाचणी आली, २७७ रुग्णांची, पोकळी खरवडून घट्ट रॉड बसवलेल्यांची. त्यात बीएमपी-२ने हाड लवकर जुळलं असं ठामपणे दिसलं नाही. रॉड नीट बसला की वरच्या प्रथिनाला करण्यासारखं फारसं उरत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

आणि मात्रा बघा. प्रत्येक मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम, कोलॅजनच्या स्पंजावर. शरीरात हे प्रथिन इतकं कमी असतं की एक किलो हाडातून मायक्रोग्रॅमच्या हिशेबात निघतं. एवढं ओतावं लागतं कारण बरंचसं लवकर वाहून जातं, आणि बीएमपी वाढलं की पेशी स्वतःच नॉगिनसारखी त्याला अडवणारी प्रथिनं बनवू लागतात. या ओतण्यातून मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आलेले रुग्ण झाले. २००८ साली अमेरिकन नियामकांनी त्यावर इशारा दिला.

बीएमपी-२ निरुपयोगी आहे असं मात्र अजिबात वाचू नका. २००६ साली हार्वर्डच्या गटाने फक्त हातापायांतून बीएमपी-२ काढलेले उंदीर तयार केले. त्यांची हाडं घडली, पण मोडली की जुळायला सुरुवातच होईना. सुरुवातीची ठिणगी तीच आहे. ती योग्य जागी, बेताने आणि योग्य दिवसांपुरती कशी द्यायची यासाठी आमचं अख्खं क्षेत्र राबतं आहे.

बायोटेक_तिसरं_वर्ष

मॅडम, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. नियमन म्हणजे शेवटी प्रथिनंच दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतात, एवढंच का? आणि जीन थेरपीने हाड जुळवण्याचं काम कुठवर आलंय?

अस्थिजा

एवढंच नाही. डीएनएमधल्या ज्या भागापासून प्रथिन बनत नाही, तोही नियमन करतो, आणि हाडात याचं फार सुंदर उदाहरण आहे. नेदरलँड्समधल्या उर्क गावच्या काही घराण्यांत हाडं वाढत्या वयात जाड जाड होत जातात. जबडा रुंद होतो, कवटी इतकी जाड होते की चेहऱ्याच्या आणि कानाच्या नसा दाबल्या जातात. याला व्हॅन ब्युकेम आजार म्हणतात. शोध घेतल्यावर बोट एसओएसटी या जनुकाकडे गेलं, त्याचं प्रथिन स्क्लेरोस्टिन हाड घडवण्याला आवर घालतं. पण रुग्णांमध्ये ते जनुक अक्षर न् अक्षर शाबूत होतं! गळालेला होता तो जनुकापासून बऱ्याच अंतरावरचा ५२ हजार अक्षरांचा तुकडा. त्या तुकड्यात हाडातल्या पेशींना ‘हे जनुक वाचा’ सांगणारी जागा होती. याच जनुकात थेट बिघाड झालेला, जास्त तीव्र आजार दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर कुटुंबांत सापडतो.

या घराण्यांमुळेच औषध मिळालं. स्क्लेरोस्टिनला धरून ठेवणारं रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंड २०१९ साली ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, मंजूर झालं, हृदयविकार आणि पक्षाघाताबद्दलच्या ठळक इशाऱ्यासह. मग साहजिकच नडगी मोडलेल्या आणि खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. २०२०च्या निकालांत फायदा दिसला नाही. हाडाची घनता वाढवणारा निरोप आणि मोड सांधणारा निरोप एकच नसतात.

याशिवाय मायक्रो-आरएनए आहेत, वीस-बावीस अक्षरांचे तुकडे. मिर-१३३ हा रन्क्स-२चा आरएनए दाबतो, मिर-१३५ बीएमपीच्या निरोप्याला, म्हणजे स्मॅड-५ला. पेशीला हाड व्हायचं असेल तर आधी हे दोन्ही कमी व्हावे लागतात. तुझ्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर इथे भरपूर काम आहे.

जीन थेरपीचं म्हणशील तर १९९९ सालीच कोलॅजनच्या स्पंजात प्लास्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं लहान वर्तुळ, भरून कुत्र्यांच्या हाडातल्या फटींत ठेवून पाहिलं गेलं होतं. माझा सर्वांत आवडता प्रयोग २०१७चा, छोट्या जातीच्या डुकरांवरचा. नडगीत एक सेंटिमीटरची फट, तीत आधी नुसता कोलॅजनचा स्पंज. दोन आठवडे थांबायचं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या मूळ पेशी तिथे येऊन बसतात. मग बीएमपी-६चं जनुक सूक्ष्म बुडबुड्यांबरोबर टोचायचं आणि बाहेरून अल्ट्रासाउंड द्यायचा. बुडबुडे फुटतात, पेशींच्या आवरणाला क्षणभर भोकं पडतात, जनुक आत जातं. सहा आठवड्यांत फटी भरल्या. जनुक काही दिवस चालतं आणि विरतं, म्हणजे ठिणगीपुरतंच. २०२२ साली मेयो क्लिनिकच्या गटाने उंदरांच्या मांडीच्या हाडात बीएमपी-२चा बदललेला मेसेंजर आरएनए वापरून मोठ्या फटी भरून दाखवल्या, तोही असाच आपोआप संपणारा. माझी सगळी आशा या अल्पजीवी निरोपांवर आहे. पण रुग्णाच्या नडगीपर्यंतचा रस्ता अजून शिल्लक आहे, आणि तो कुणी क्लिनिकमध्ये बसून पैसे घेऊन ओलांडू नये.

कोयनाकाठ ताई, त्यासाठीच हे विचारा. इंजेक्शनमध्ये नेमकं काय आहे, पेशी, प्रथिन, की जनुक? ते कुठे बनतं, परवाना कुणाचा? ही चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक काय? आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्तविकारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच व्हायला हवा, आणि प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचा आकडा सांगितलाय, तिथेच मला थांबावंसं वाटतं.

कोयनाकाठ

अस्थिजा ताई, डॉक्टरसाहेब, दोघांचेही आभार कसे मानू. काल रात्री भावाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. उर्कच्या लोकांचं त्याने दोनदा वाचायला लावलं. त्या क्लिनिकला फोन करून सीटीआरआयचा क्रमांक विचारला, तर ‘तुम्ही आधी येऊन भेटा’ एवढंच म्हणाले. आम्ही जाणार नाही. सीआरपी आणि ड जीवनसत्त्व तपासायला रक्त दिलंय. तंबाखूची पुडी आईच्या ताब्यात आहे.

भावाचा एकच प्रश्न राहिलाय, त्याच्याच शब्दांत विचारते: कंबरेतून काढलेलं हाड पायात भरेपर्यंत मरत नाही का?

कोल्हापुरी_ऑर्थो

काही पेशी मरतात. म्हणूनच आम्ही फट आधी पूर्ण तयार करतो, तंतुमय पडदा काढून टाकून हाडाची टोकं रक्त दिसेपर्यंत साफ करतो, ग्राफ्ट त्यानंतर काढतो आणि लगेच भरतो. मधल्या वेळात तो सलाइनने ओल्या केलेल्या कापडात किंवा रुग्णाच्याच रक्तात ठेवतात, कोरडा पडू देत नाहीत. तुकडे लहान करतात, म्हणजे आजूबाजूच्या ओलाव्यावर पृष्ठभागाच्या पेशी तग धरतात आणि रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत टिकतात. ज्या मरतात त्यांचा सांगाडा आणि त्यात अडकलेली बीएमपी मागे राहते, तिच्यावर नव्या पेशी चढतात.

सीआरपी वाढलेलं निघालं तर ऑपरेशनची तारीख पक्की करण्याआधी तुमच्या सर्जनना दाखवा. मग बेत बदलतो, आधी संसर्ग साफ करतात आणि ग्राफ्ट नंतर.